वकिलीतून अमेरिकी काँग्रेसमध्ये जाऊन सर्वाधिक काळ टिकलेल्यांपैकी एखादं नाव सांगाल का?

माझ्या मते इमॅन्युएल सेलर. जन्म १८८८, ब्रुकलिन. कॉलेजात असतानाच वडील गेले, तेव्हा सकाळी वर्ग आणि दुपारी दारोदार वाइन विकणं असं करून हा माणूस शिकला. १९१२ मध्ये कोलंबियातून वकील झाला, १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आला आणि १९७३ पर्यंत तिथेच राहिला. जवळपास पन्नास वर्षं!

स्थलांतरितांचे देशवार कोटे ठरवणाऱ्या १९२४ च्या कायद्याला त्याने नवखा असतानाच कडाडून विरोध केला. तो हरला, पण विषय सोडला नाही. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, स्थलांतराचा कोटा मात्र वर्षाला फक्त १००. मग १९६५ चा हार्ट-सेलर कायदा आला आणि मूळ देश पाहून कमी-जास्त जागा देणारी ती जुनी कोटापद्धतच गेली. न्यू जर्सीत आज जी मराठी मंडळं दणक्यात गणपती बसवतात, त्यांची वाट तिथून मोकळी झाली.

सगळंच गोड नव्हतं. न्यायविषयक समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं दाबून धरली. १९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्याला हरवलं कोणी? ३० वर्षांच्या एलिझाबेथ होल्ट्झमन या तरुणीने. तीही वकीलच.