शेतातल्या रोबोने माणसांना काय सांगावे?

‘चालक नसलेले यंत्र आता वळणार की थांबणार, हे शेतातल्या मजुरांना कसे कळावे, त्याला बोलते करावे का?’ असे आपण विचारले आहे. अशा यंत्रांचे संकेत ठरवणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी चालक मान वळवून पाहतो आणि मागच्या माणसाशी नजरानजर झाली की कोणी थांबायचे हे न बोलता ठरते. चालकाबरोबर ही नजरानजरही जाते. तिच्या जागी, माणूस दिसताच हिरवा दिवा लावावा, असे बहुतेकांना प्रथम सुचते. मला तो उपाय धोक्याचा वाटतो. ओळीत तिघे वाकून तोडणी करत असतील आणि कॅमेऱ्याला एकच दिसला असेल, तरी दिवा पाहून तिघेही निर्धास्त होतात, आणि पानांआडचा, यंत्राला न दिसलेला माणूसच नेमका बाजूला सरकत नाही. म्हणून यंत्राने आपल्याला कोण दिसले ते सांगू नये. आपण पुढे काय करणार तेवढेच सांगावे, आणि तेही शक्यतो हालचालीतून: निघण्याआधी चाके वळवून क्षणभर थांबावे, माणसाकडे येताना दुरूनच वेग कमी करावा. भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास असताना लहान दिव्याचा रंग कळतच नाही, चाक वळलेले मात्र दिसते.

भोंगा हवाच, पण एकसुरी ‘पीप पीप’ कुठून येते हे कानाला नीट उमगत नाही. अनेक स्वर मिसळलेला खरखरीत आवाज दिशा चटकन दाखवतो. तो निघतानाच वाजावा. दिवसभर वाजणाऱ्या भोंग्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी मान वर करून पाहत नाही.

आता बोलण्याविषयी. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत ‘बर्रो’ नावाची रोबो-गाडी तोडलेला माल ओळीबाहेर वाहून नेते. तिकडचे बरेच शेतमजूर मेक्सिकोतून आलेले, स्पॅनिश बोलणारे असतात. काहींची मातृभाषा तर मिश्तेकसारखी मेक्सिकोतली मूळची आदिवासी भाषा असते. त्यांना इंग्रजी सूचना ऐकवून काय उपयोग? नाशिकच्या बागेत पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून आलेल्या, घरी आपली बोली बोलणाऱ्या मजुरांना छापील मराठी ऐकवणे याहून फार वेगळे ठरणार नाही.

जॉन डिअरने २०२२ च्या जानेवारीत दाखवलेला चालकरहित ट्रॅक्टर अडथळा दिसला की थांबतो आणि शेतकऱ्याच्या फोनवर कळवतो. पण शेतात वाकलेल्या मजुराकडे तो फोन नसतो. त्यामुळे यंत्राच्या चारही बाजूंना, वाकल्या वाकल्या हात पोहोचेल अशा उंचीवर, थांबवण्याचे लाल बटण असल्याशिवाय मी आराखड्याला होकार देत नाही.