आधी पाणी, मग रंग

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

घराचे फोटो आणि कामांची यादी मिळाली. यादीत सर्वांत वर लॉन आहे, त्याखाली गेटच्या खांबांना दगडी क्लॅडिंग आणि अगदी शेवटी ‘भिंतीचे पोपडे’. ही यादी तू खालून वर वाचावीस असं मला वाटतं. चाळीस हजारांत घराचा दर्शनी भाग नक्की सुधारेल, पण क्रम चुकला तर एकाच कामाला दोनदा पैसे जातात. रंग झाल्यावर पाइप टाकायला भिंत फोडावी लागते, झाडं लावून झाल्यावर मुरमाची गाडी आत येते. म्हणून पैशाचे दहा वाटे कर: तीन पाण्याच्या वाटेला आणि भरावाला, तीन भिंत-गेटला, दोन फरशीला, एक माती-झाडांना आणि एक हातात राख. तो दहावा वाटा कुठे जाईल ते खोदकाम सुरू झाल्यावरच कळतं.

दुसऱ्या फोटोत गच्चीचा पाइप घराच्या कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर वर संपलेला दिसतोय. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. गच्ची ६०० चौरस फुटांची धरली तर एक इंच पावसाला सुमारे १,४०० लिटर पाणी खाली येतं आणि ते सगळं जोत्याच्या पायाशी ओतलं जातं. तुमच्याकडची माती काळी. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यानेच व्हरांड्याच्या पायऱ्या घरापासून सुटतात आणि कंपाउंडला तिरक्या चिरा जातात. चिरा कितीही बुजवल्या तरी खालची माती हलायची थांबत नाही.

त्या पाइपला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, लावून ११० मिलिमीटरचा पाइप जमिनीखालून थेट रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापर्यंत ने. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये तो अजिबात सोडू नकोस. उतार फुटाला पाव इंच ठेव, म्हणजे १२ फुटांत ३ इंच. गच्चीवर पाइपच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर पहिल्याच पावसात पाला अडकून गच्चीचं तळं होईल. शोषखड्डा करायचा सल्ला कोणी देईल. काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं, आणि घराजवळ मुरलेलं पाणी तीच माती फुगवतं. एवढ्याशा अंगणात शोषखड्डा नको.

अंगणाचा उतारही घराकडून गेटकडे, तसाच फुटाला पाव इंच. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नकोस. पाणी भरलेली पारदर्शक नळी घे, नळीतले बुडबुडे काढ, एक टोक जोत्याशी आणि दुसरं गेटशी धरून दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण कर. दोन्ही खुणांपासून जमीन किती खाली आहे ते मोजलं की उतार कळतो. जोत्याच्या वरच्या कडेपासून माती किमान ६ इंच खाली असायला हवी. तुझ्याकडे बिल्डरने ती जवळजवळ कडेपर्यंत चढवली आहे, ती आधी उतरव. जोत्याला लागून २ फुटांच्या पट्ट्यात झाड लावू नकोस, पाणीही घालू नकोस. तिथे माती काढून मुरूम ठोकून घे.

आता पोपडे. भिंतीवर पांढरी पूड दिसते तो लोणा. मातीतली ओल विटांमधून वर चढते, क्षार सोबत आणते, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साचून रंगाला ढकलतात. त्यावर पुट्टी लावून रंग मारला की फार तर एक पावसाळा निघतो. दगडी क्लॅडिंगही अशा ओल्या प्लास्टरवर चिकटवलं की सुटून पडतं, म्हणून ते यादीतून काढूनच टाक. कोरड्या ताराच्या ब्रशने पूड झाड. पाण्याने धुऊ नकोस, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. मग हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. आवाज पोकळ आला तिथलं प्लास्टर विटेपर्यंत काढ आणि १:४ सिमेंट-वाळूच्या मालाने पुन्हा कर. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड डब्यावर लिहिलेल्या मापातच टाकायला सांग. नव्या प्लास्टरवर ७ दिवस पाणी मार आणि रंगाला २८ दिवस हात लावू नकोस. ताज्या सिमेंटच्या अल्कलीने रंगाचे डाग पडतात.

आत्ता होळी होऊन गेली आहे. प्लास्टर या महिन्यात उरकलं तर रंगाला मेचे पहिले पंधरा दिवस मिळतात, तोवर भिंतही उन्हाने वाळते. घर पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा रस्त्याकडची बाजू सकाळी सावलीत असतानाच रंगवायची. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो, पट्टे दिसतात आणि तो नीट धरत नाही. कंपाउंड दोन्ही बाजूंनी मिळून २५० चौरस फूट भरेल. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात खरबरीत प्लास्टरवर लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट जातात, म्हणजे ५ लिटर. त्याखाली एक्स्टीरियर प्रायमरचा एक हात. रंगारी प्रायमर टाळून रंगाचा तिसरा हात देऊ म्हणेल, ते ऐकू नकोस.

पावसाचे शिंतोडे जमिनीपासून दीड फुटापर्यंत चिखल उडवतात. म्हणून खालचा दीड फूट गेरूच्या रंगाचा पट्टा घे. जुन्या घरांच्या जोत्याला काव लावायचे ते याचसाठी, आणि पांढरट भिंतीखाली तो पट्टा फार देखणा दिसतो. वर एकच फिका रंग. दर्शनी भागावर तीन-तीन रंग आले की लहान घर आणखी लहान दिसतं.

गेट नवीन करू नकोस, पत्रा आणि पाइप शाबूत आहेत. गंज फक्त खालच्या आडव्या पाइपला आहे, कारण त्यात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. त्या पाइपला खालच्या बाजूने दोन ठिकाणी ६ मिलिमीटरची भोकं पाडून घे. मग ताराचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, कोरडं फडकं, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं राहिलं की पुन्हा गंज धरायला लागतं. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा पहिला हात आणि तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. एक लिटर पुरेल. गेट जमिनीला घासतंय ते बिजागरी झिजल्यामुळे. वेल्डरकडून बिजागरी बदलून घे, पण रंगाआधी, कारण वेल्डिंगने रंग जळतो.

फरशीसाठी पॉलिश न केलेली शहाबादी घे. पॉलिशची पावसात घसरते. गेटपासून पायरीपर्यंत ४ फूट रुंद आणि १२ फूट लांब वाट केलीस तर २ बाय २ च्या १२ फरश्या लागतील, फुटीसाठी एक जास्त आण. आधी तिथून पावसाचा पाइप आणि दिव्याच्या वायरचा कंड्युइट जाऊ दे. मग ७ इंच खोद, त्यात ५ इंच मुरूम दोन थरांत भर आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने, म्हणजे जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने, ठोकून घे. त्यावर दीड इंच क्रश सँड आणि मग फरशी. दीड इंच जाडीची फरशी अशी बसवली की आजूबाजूपेक्षा इंचभर वर राहते. मुरूम पाव ब्रास पुरेल, म्हणजे २५ घनफूट सैल. मजुरांचा हात धुमसावरच आखडतो. सगळा मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडलं की काम झालं असं ते म्हणतील, आणि ऑगस्टमध्ये मधल्या फरश्या खचतील. त्या दिवशी सुट्टी काढून तिथे उभी राहा.

उरलेलं अंगण सिमेंटने बुजवू नकोस. पश्चिमेच्या उन्हात ते काँक्रीट तापून रात्री घरात उष्णता सोडत राहतं. दुचाकीच्या जागेलाही ठोकलेला मुरूम आणि वर बारीक खडी पुरते.

पायरीसमोर मात्र एक ३ बाय ३ ची काळी कडप्पा बसवून घे. रांगोळी तीवर उठून दिसते आणि दाराला एक बैठक येते. शेजारी तुळस, उन्हात. तिच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडत राहिलीस तर ती उंच किडकिडीत न होता झुडपासारखी भरते.

आता तुझ्या आवडीचं. लॉन नको. त्याला रोज पाणी, दर आठवड्याला कापणी आणि पाच-सहा तासांचं ऊन लागतं. पाण्याचा टँकर येणाऱ्या वसाहतीत ते मे महिन्यात पिवळं पडणारच. हिरवा गालिचा हवाच असेल तर पावसाळ्यात ६ बाय ८ फुटांच्या तुकड्यात हरळीच्या काड्या चार-चार इंचांवर टोचून लाव. हरळी उन्हाने सुकली तरी पावसात परत फुटते.

झाडं लावण्याआधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. पाणी अजून उभं असेल तर खाली घट्ट काळी माती किंवा बिल्डरचा राडारोडा आहे. राडारोडा असेल तर तो उपसायलाच हवा. काळ्या मातीत मोकळी वाळू मिसळायचा मोह होतो, पण थोड्याशा वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. तिला कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळाच सैल करतो. शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास न येणारं हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

कंपाउंडला समांतर, भिंतीपासून हातभर सोडून, १२ फूट लांब, २ फूट रुंद आणि फूटभर खोल वाफा कर. त्याला २४ घनफूट माती लागते: दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग शेणखत. वाफ्यात तीन-तीन फुटांवर तगर, म्हणजे चार झाडं. तगर पश्चिमेचं ऊन सोसते, बाराही महिने हिरवी राहते आणि तिला पांढरी फुलं येत राहतात. तिच्यापुढे चिनीगुलाब आणि कडेला गवती चहाचे दोन ठोंब. दाराजवळ, पण जोत्याचा पट्टा सोडून, मोगरा. डिसेंबरात त्याचं पाणी तोड, जानेवारीत छाटणी करून खत-पाणी दे, मार्चपासून कळ्या येतील.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात घरापासून ९-१० फुटांवर एक पारिजातक. मोठं झाड तेवढं एकच. गुलमोहर लावू नकोस, त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात आणि मुळं उथळ पसरून फरशी उचलतात. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी आहे, आणि घरात लहान मूल रांगणार असेल तर ती नकोच. बोगनवेल हवी असेल तर कुंडीत ठेव. तिला पाणी जास्त झालं की नुसता पाला येतो. ताण दिला की फुलते.

पारिजातकाचा दीड बाय दीड बाय दीड फुटाचा खड्डा एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू दे. भरताना निघालेलीच माती, एक घमेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. तळाशी विटांचे तुकडे घालू नकोस. घट्ट मातीतल्या खड्ड्यात हलकी माती आणि विटा भरल्या की त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. उलट माती ६ इंच उंच भर, ती बसत जाते. एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर, रोप लाव. पिशवी कापून काढ, मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नकोस, खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच ठेव.

तगर आणि मोगरा विकत आणू नकोस. जुलैमध्ये शेजाऱ्यांकडून पेन्सिलच्या जाडीच्या, ६ ते ८ इंचांच्या काड्या माग. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, लगेच खाली तिरका घे, दोन डोळे मातीत जाऊ दे आणि सावलीत ठेव. दहा लावल्यास तर सहा-सात तरी धरतील. वाचलेल्या पैशांत २०० लिटरचा ड्रम ३ फुटांच्या कट्ट्यावर ठेवून बारीक ड्रिपची नळी टाक. मुळांभोवती पालापाचोळ्याचा २-३ इंच थर दे, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

मागच्या सुबाभळीला परस्पर कुऱ्हाड लावू नकोस. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरी हद्दीत स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज कर. कंपाउंडच्या फटीतलं पिंपळाचं रोप मात्र आजच मुळासकट उपट, पुढच्या वर्षी ते भिंत फोडेल.

दिवा एकच, दाराच्या बाजूला साडेसहा फुटांवर, खाली प्रकाश टाकणारा, पिवळसर ३,००० केल्विनचा आणि पाण्यापासून संरक्षित. घराचा क्रमांक ४ इंचांच्या अक्षरात गेटच्या खांबावर, झाडाच्या फांदीआड जाणार नाही असा.

पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन दहा मिनिटं अंगणात उभी राहा आणि पाणी कुठे थांबतंय त्याचे फोटो काढून मला पाठव. पारिजातकाच्या खड्ड्यापाशी ते थांबत असेल तर रोप लावण्याआधी जागा बदलू.

तुझा,
मामा