मासिकाचं कव्हर बघून ते कोणासाठी काढलंय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या असाइनमेंटसाठी दोन मासिकांची कव्हरं घेऊन ती आपापल्या वाचकाला कशी ओढतात ते मांडायचंय, आणि सर "रंग, फॉन्ट, फोटो, भाषा बघा" एवढं सांगून मोकळे झाले. माझं शिक्षण काही यातलं नाही, पण नागपूरला बर्डीवर मोरभवन बसस्टँडजवळ माझ्या मामाचा पेपरचा स्टॉल होता, तिथे दहावीपासून बीकॉम होईपर्यंत रोज संध्याकाळी बसलो, मग महाल भागात एका प्रेसमध्ये सात वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम) केलं, दिवाळी अंकांची कव्हरं पण केली, त्यातली एक-दोन जोरात आपटली. तेवढ्या जोरावर सांगतो.

पहिले तर हे बघा की पैसे कोण देऊन राहिलं आणि वाचणार कोण. बरेचदा ही दोन वेगळी माणसं असतात आणि कव्हरला दोघांना सांभाळावं लागते. चांदोबाचंच घ्या. तेलुगू-तमिळमध्ये तो १९४७ ला निघाला, मराठीत १९५२ पासून, आणि कव्हरवर वड्डादि पापय्यांची ती पुराणातली नाहीतर राजाराणीची चित्रं. बस सुटायच्या घाईत पोरगं बोट दाखवायचं आणि खिशात हात आजोबा घालायचे, म्हणजे पोराला राक्षस दिसला पाहिजे आणि त्याच चित्रात आजोबांना संस्कार दिसले पाहिजेत, एकच चित्र दोन गिऱ्हाईकं. किशोरचं थोडं वेगळं, तो १९७१ पासून बालभारती काढते, त्यामुळे नावातच शाळेचा भरोसा आहे, आईबाप जास्त विचार करत नाहीत.

याच्या एकदम उलट टोकाचा म्हणजे आवाज हा विनोदी दिवाळी अंक. १९५१ ला मधुकर पाटकरांनी काढला, त्याची खिडकीचित्रं प्रसिद्ध. कागदाला खिडकी कापलेली, त्यातून बघितलं की काहीतरी चावट चाललंय असं वाटते, पान उलटलं की निघते एकदम साधा प्रसंग. लोक हसतात आणि विसरतात, पण मला ही युक्ती लय हुशार वाटते, कारण घेणाऱ्याला चावट अंक घेतल्याची मजाही येते आणि घरी कोणी विचारलं तर "अगं उघडून बघ ना, काहीच नाही" म्हणायची सोय पण होते. दिवाळी अंक घरात चारचौघांसमोर टीपॉयवर पडून राहणार हे ओळखून केलेलं काम आहे ते.

आता नजर. हे तुमच्या असाइनमेंटमध्ये नक्की घाला, कारण बाकी पोरं फक्त "लाल रंग लक्ष वेधतो" लिहून येतील. कव्हरवरची बाई कुठे बघते? गृहशोभिकासारख्या मासिकावरची मॉडेल बहुतेक वेळा थेट तुमच्या डोळ्यात बघते, हसते, आणि अंक घेणारी पण बाईच असते, म्हणजे तो जवळपास आरसा झाला, थोडा फिल्टर लावलेला. आणि चित्रकार दीनानाथ दलालांच्या, मुळगावकरांच्या जुन्या कव्हरांवरच्या बायका बघा (दलालांनी तर १९४५ ला स्वतःचाच दीपावली अंक काढला होता), त्या बऱ्याचदा आपल्या दिव्याकडे नाहीतर फुलांकडे बघत असतात, तुमच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. ते चित्र बघत बसायचं चित्र आहे. आमच्या आजीकडे महालातल्या घरी असंच एक कव्हर कापून फ्रेम करून देवघराच्या बाजूच्या भिंतीवर होतं, लक्ष्मी नव्हती ती, साधी बाईच होती, पण कोणाला काही खटकलं नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकात सापडत नाही, स्टॉलवर सापडते. अंक मोकळे मांडलेले नसतात हो, एकावर एक चढवलेले असतात नाहीतर दोरीला चिमट्याने लटकवलेले, दिसते फक्त वरची पट्टी, फार तर डावीकडचा भाग. म्हणून नाव वर. आणि ज्या मासिकाच्या नावावर मॉडेलचं डोकं येऊन दोन अक्षरं झाकली जातात ते समजायचं जमलेलं मासिक, त्याला भीती नाही, गिऱ्हाईक अर्ध्या नावावरून ओळखते. टाइमची लाल चौकट १९२७ पासून आहे, नॅशनल जिओग्राफिकची पिवळी, त्यांचं तर नाव झाकलं तरी काही बिघडत नाही. नवीन अंकाने असं केलं की मेला.

माझं जे आपटलं ते यातच. एका दिवाळी अंकाला मी पूर्ण काळं कव्हर केलं, मधे एक पणती, बारीक पांढरं नाव, वर मॅट लॅमिनेशन, स्क्रीनवर असं भारी दिसत होतं की विचारू नका. संपादक म्हणे, "दिवाळीत काळं काऊन?" मी म्हटलं क्लासी आहे. संध्याकाळी टिनाच्या शेडखाली पिवळ्या बल्बमध्ये तो अंक दिसेचना, आणि चार लोकांनी हाताळला की मॅटवर बोटांचे डाग. गठ्ठेच्या गठ्ठे वापस आले. कव्हर कोणत्या उजेडात आणि किती दुरून बघितलं जाईल हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, तुम्ही विचारा.

रंगाबद्दल लिहायचंच असेल तर १९९४ चं ओ. जे. सिम्पसनचं उदाहरण घ्या, अमेरिकेतला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, खुनाच्या आरोपात पकडलेला. पोलिसांनी काढलेला एकच फोटो टाइम आणि न्यूजवीक दोघांनी एकाच आठवड्यात कव्हरवर घेतला, टाइमने तो बराच काळवंडून छापला, आणि दोन्ही अंक स्टॉलवर बाजूबाजूला आल्यावर गडबड उघडी पडली, वर्णद्वेषाचा आरोप झाला. बाजूला न्यूजवीक नसता तर किती जणांना कळलं असतं?

स्पर्धा परीक्षेच्या मासिकांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, तिथे सौंदर्य वगैरे कोणी बघत नाही, जाड ठळक अक्षरात कव्हरवरच सगळी यादी मांडलेली, जणू मेनूकार्ड. पण ते पण अपीलच आहे, अभ्यासिकेतल्या पोराला पैसे वसूल होतील याची खात्री तिथेच मिळते.

जोडी निवडायची तर माझं ऐका, हिंदी गृहशोभा आणि मराठी गृहशोभिका घ्या, एकाच महिन्याचे अंक. घर एकच, दिल्ली प्रेस, आणि आपलं नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं त्यामुळे इथल्या स्टॉलवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी विकतात. काय तसंच ठेवलं, काय बदललं, साडी, दागिने, वरच्या ओळीतले विषय, कोणता सण मोठा केला, ते एकेक टिपून काढा, तुमचं अर्धं उत्तर तिथेच लिहून होते. मग रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर जाऊन पंधरा-वीस मिनिटं नुसते उभे राहा आणि लोकांचे हात बघा, कोण कोणता अंक उचलते, आधी कव्हर बघते की किंमत, उचलून परत ठेवते का. फोटो विचारून काढा आणि एखादा अंक विकत घ्या. नाहीतर आमच्या मामासारखा कोणी बसला असला तर धूळ झटकायच्या निमित्ताने फडकं बरोबर तुमच्या बोटांवर मारेल.