घराच्या नूतनीकरणात निघालेलं सगळं एकाच टेम्पोत दिलं, तर पुढे ते वेगळं होतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या फ्लॅटचं बाथरूम आणि स्वयंपाकघर फोडून नवं करताय, रोज कचरा नेणाऱ्या ताई फरशीच्या गोण्या घ्यायला नाही म्हणाल्या, तर सगळं एका टेम्पोत भरून पाठवलं की पुढे राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पात ते वेगळं होईलच ना?

नाही होत. मी पुण्यात घरांच्या नूतनीकरणाचीच कामं करते, आणि माझं ठाम मत आहे की हे वर्गीकरण तोडतानाच करावं लागतं. एकदा जिप्सम (फॉल्स सीलिंगचा पांढरा माल), वायरी, काच आणि विटा एका गोणीत गेल्या की त्या वेगळ्या करणं कुणालाच परवडत नाही.

आधी ताईंबद्दल, कारण त्यांचं बरोबर आहे. शहरात घरोघरचा कचरा नेणाऱ्या बऱ्याचजणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून वेचलेल्या भंगाराचे पैसे, अशी त्यांची दुहेरी कमाई असते. फरशीच्या तुकड्यांना भंगारच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, वर गाडी ओढून पाठ मोडते. शिवाय २०१६ मध्ये घनकचऱ्याचे आणि बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे नियम वेगवेगळे निघाले, ते हे दोन्ही वेगळे राहावेत म्हणूनच. राडारोडा त्यांच्या गाडीत घालायचा आग्रह कृपा करून धरू नका.

आता तोडण्याचा क्रम. पहिल्या दिवशी हातोडा नको, आधी पाना चालू दे. नळ, शॉवर, वॉल्व्ह सोडवून घ्या. जुने नळ बहुतेक पितळेचे असतात आणि पितळेला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो, पण सिमेंट आणि फरशीचा चुरा चिकटलेला नळ दुकानदार भाव पाडूनच घेतो. मग वायरी. भिंत फोडायच्या आधी त्या पाइपातून ओढून काढा. तांबं काढायला वायर जाळली तर तिच्यावरच्या पीव्हीसी प्लास्टिकचा धूर अतिशय विषारी असतो, म्हणून वायर सोलून तांबं काढणारं दुकान शोधा आणि तिथेच द्या. जुन्या इमारतीत सांडपाण्याचे उभे पाइप बिडाचे असतात. ते फोडावे लागले तरी बीड वेगळं ठेवा, त्याचा भाव वेगळा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीची काच आणि रबर काढून नुसती चौकट द्या.

सागवानी चौकटीवर कुणी घण घातला की मला खरंच वाईट वाटतं. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, कापून ती अखंड काढता येते, आणि अशा चौकटीला जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे पुन्हा चौकट म्हणूनच गिऱ्हाईक मिळतं. तुकडे झाले की ते फक्त सरपण. लॅमिनेट मारलेलं प्लायवूड मात्र सरपणासाठीही कुणाला देऊ नका. त्यातल्या गोंदामुळे जळताना घातक धूर निघतो, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पाण्याच्या पाइपाचे पीव्हीसीचे तुकडे घरच्या सुक्या कचऱ्यात, पाण्याच्या बाटल्यांबरोबर टाकू नका. प्लास्टिकचे तुकडे पाण्यात टाकले की दूधपिशवीचं आणि बाटलीच्या झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, त्यामुळे ते सहज वेगळं होतं. पण बाटलीचं पीईटी आणि पाइपाचं पीव्हीसी जवळजवळ सारख्याच वजनाचं असल्याने दोन्ही तळाशी जातात. पीईटी वितळायला अंदाजे २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. त्याच्या आधीच पीव्हीसी जळून त्यातून आम्ल सुटतं, आणि सगळा माल पिवळा, ठिसूळ होतो. थोड्याशा पाइपामुळे बाटल्यांचं अख्खं पोतं वाया जाऊ शकतं, आणि तोटा ते पोतं भरणाऱ्या बाईचा होतो.

काचेचंही तसंच. खिडकीची काच, आरसा आणि बाटली यांचं मिश्रण वेगळं असतं. फुटक्या बाटल्यांत फरशीचा किंवा वॉशबेसिनचा तुकडा गेला तर तो काचेच्या भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते.

फॉल्स सीलिंग फरशीला हात लावण्याआधी उतरवा, आणि पीओपी-जिप्समच्या गोण्या वेगळ्या भरा. जिप्सममध्ये सल्फेट असतं. ते पुनर्वापराच्या खडीत गेलं की काँक्रीट आतून फुगतं. कचरा डेपोत ओल्या कचऱ्याखाली दबलं तर त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो.

एवढं झालं की हातोडा घ्या. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी एक चार इंची भिंत पाडली की सुमारे दोन टन माल निघतो, त्यामुळे टेम्पोचा हिशेब आधी करून ठेवा. विटा-प्लास्टर, काँक्रीट आणि फरशी यांचे जमेल तसे वेगळे ढीग करा. २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका बांधकाम प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्यांना काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार भाग करायला सांगितलं होतं. एका फ्लॅटचं काम त्या आकड्यात येत नाही, पण विभागणी उत्तम आहे.

प्रकल्पात काय होतं? वजनकाटा, वरवरची हाताने वेचणी, क्रशर, लोखंडासाठी चुंबक, मग चाळण्या आणि धुणं. यातून खडी, वाळू आणि गाळ निघतो, आणि त्या खडी-वाळूपासून पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन (फुटपाथच्या कडेचे दगड) बनतात. चुंबकाला लोखंड सापडतं, पण थर्माकोल, वायरचे तुकडे आणि जिप्सम त्याच्या हाती लागत नाही. माल स्वच्छ असेल तर त्याला मान आहे. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या (एमपुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) आरसीसीमध्ये, म्हणजे आत सळया असलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्के आणि एम १५ पेक्षा कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तेवढी खडी डोंगर न फोडता मिळते.

टेम्पोवाल्याला "कुठे टाकणार?" हे आधी विचारा आणि वजनाची पावती हातात आल्यावरच पैसे द्या. पावतीची बात नसेल तर तो माल बहुधा रात्री एखाद्या ओढ्याच्या काठावर नाहीतर नदीपात्रात ओतला जातो. आधीच अरुंद झालेल्या ओढ्याला जोराचा पाऊस पेलत नाही, हे सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातल्या आंबील ओढ्याकाठच्या लोकांनी जिवानिशी भोगलंय. टेम्पो रिकामा करताना गोण्या सोडून माल ओतायला सांगा. गोण्यांसकट टाकला तर त्या यंत्रात गुंडाळतात.

बाल्कनीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर थांबा. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचरा म्हणून कुठे द्यायचे ते महापालिकेला विचारायचं. मजुरांना चांगले मास्क द्या, साधा रुमाल पुरत नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल न फोडता खोक्यात ठेवा, त्यांत पारा असतो. उरलेला रंग मोरीत ओतू नका. कुणाला हवा असेल तर देऊन टाका, नाहीतर झाकण उघडं ठेवून पूर्ण सुकू द्या आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्या. रंग संपलेला कोरडा पत्र्याचा डबा भंगारवाला घेतो.