पहिल्याच दिवशी आयव्हीएफ सांगतील का?

वंध्यत्वतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जायचं ठरलं की बायका मला हमखास दोन गोष्टी विचारतात. पहिल्याच दिवशी आयव्हीएफ (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) गळ्यात मारतील का? आणि दोष कुणात आहे ते लगेच कळेल का?

अशीच एक जण आली होती, ३३ वर्षांची, नवरा ३६ चा. वर्षभर प्रयत्न करून झाले होते. (पस्तिशीच्या आत वर्षभर, पुढे सहा महिने वाट पाहून तज्ज्ञांना भेटावं, असा सर्वसाधारण संकेत आहे.) तिने जाडजूड फाइल केली होती: पाळीच्या तारखा, थायरॉइड आणि एएमएच या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट. एएमएच कमी आल्यावर ती खचलीच होती. बीजांडांचा साठा किती उरलाय याचा तो अंदाज असतो, दर्जा त्यावरून कळत नाही, हे तिला मी परोपरीने सांगितलं. फाइलमध्ये नवऱ्याचा मात्र एकही कागद नव्हता. त्याचं म्हणणं, “मी येऊन काय करू? तपासण्या तिच्याच ना?”

मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीने, असतंच. म्हणून मी जोडप्यालाच पेशंट मानते. एकट्या बायकोला धीर देऊन पाठवणं मला कधीच पटलं नाही, आणि आजवर त्याचा पस्तावाही झालेला नाही.

दोघं आल्यावर मी म्हटलं, “डॉक्टर विचारतील तेच विचारते. संबंध किती वेळा येतात?”

ती पाळीच्या ॲपमधल्या, दिवस राहण्यासाठी योग्य म्हणून ठिपका दिलेल्या तारखा वाचू लागली. मी त्याच्याकडे वळले, “या तारखांना?”

“नाही जमत. ॲपवर तो ठिपका दिसला की त्या दिवशी नाहीच.”

“आणि मला वाटत होतं, तुला मीच नको झालेय,” ती म्हणाली.

“तू दर महिन्याला परीक्षेला बसवतेस असं वाटतं मला.”

मला जे हवं होतं ते इथे हाती लागलं. फाइलवरचं ‘एक वर्ष’ हे वर्ष नव्हतंच. दिवस राहण्याची शक्यता असलेले दिवस बहुतेक कोरडेच गेले होते. हे रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टात उमटत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही. एएमएच कमी होता, म्हणून अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका असं मी बजावलं. पण ॲप बंद करा, दर दोन-तीन दिवसांनी जवळ या, तारखा मोजू नका, हेही सांगितलं.

पहिली भेट बरीचशी अशा प्रश्नोत्तरांतच जाते. पाळी, आधीचे गर्भपात, शस्त्रक्रिया, औषधं, तंबाखू. जोडीदारासमोर सांगता येत नसेल तर “मला एकटीने बोलायचंय” असं खुशाल म्हणा. योनीमार्गातून सोनोग्राफी त्याच दिवशी होऊ शकते. आधी विचारून घ्या, सोबत बाईमाणूस मागा. बाकीच्या तपासण्या पाळीच्या चक्राप्रमाणे होतात: एफएसएच या संप्रेरकाची रक्ततपासणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गर्भनलिकांचा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर. त्यामुळे ‘दोष कुणात’ याचा निकाल पहिल्या दिवशी सहसा लागत नाही. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळायचं असतं. गेल्या तीन महिन्यांत सणसणून ताप आला असेल तर तेही सांगावं, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. रिपोर्ट बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करतात.

या दोघांच्या डॉक्टरांकडच्या पहिल्या भेटीत आयव्हीएफचा विषय निघालाच नाही. ठिपक्याची गोष्ट त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगितली आणि नमुना घरून आणला तर चालेल का, हेही विचारलं. तासाभरात, शरीराच्या उबेत ठेवून पोचवणार असाल तर चालेल, असं उत्तर मिळालं.