डायफिनाइल डायटेल्युराइड प्रथमच वापरताना

डायफिनाइल डायटेल्युराइड हा टेल्युरियम या मूलद्रव्याचा नारिंगी-तांबडा स्फटिकरूप सेंद्रिय पदार्थ असून त्याचा रंग हाच तुमचा सर्वांत विश्वासू मार्गदर्शक आहे. इथेनॉलमधील द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड (क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) थोडे थोडे घातले की हायड्रोजन वायू सुटतो, टेल्युरियम-टेल्युरियम बंध तुटतो आणि रंग जवळजवळ नाहीसा होतो. याचा अर्थ फिनाइलटेल्युरोलेट हा प्रबळ न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देऊन नवा बंध जोडणारा घटक) तयार झाला. तो हवेतील ऑक्सिजनने चटकन पुन्हा डायटेल्युराइडमध्ये बदलतो, म्हणून विद्रावकातील हवा आधीच काढून टाका आणि संपूर्ण अभिक्रिया नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली करा. मध्येच नारिंगी छटा परतली, तर बोरोहायड्राइड वाढवण्यापूर्वी गळती शोधा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रमाण मोजताना १ मोल डायटेल्युराइडपासून २ मोल टेल्युरोलेट मिळते, हे विसरू नका. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते.

हा पदार्थ विषारी आहे. शरीरात गेलेल्या टेल्युरियमपासून डायमिथाइल टेल्युराइड बनते आणि श्वासाला लसणासारखा वास दीर्घकाळ येत राहतो. त्यामुळे वजन करण्यापासून भांडी धुण्यापर्यंत सर्व कामे हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) करा व टेल्युरियमयुक्त कचरा वेगळा साठवा.