नऊ वर्षं राहूनही ‘हे शहर आवडतं का?’ याचं उत्तर मिळत नाही तेव्हा

“मॅडम, नऊ वर्षं झाली, तरी हे शहर मला आवडतं की नाही हेच कळत नाही. सकाळी वाटतं इथेच म्हातारं व्हावं, संध्याकाळी वाटतं उद्याच बॅगा भराव्यात. माझं काही बिघडलंय का?”

चीनमध्ये बरीच वर्षं राहिलेली मराठी माणसं माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनाला येतात तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, काळजी हीच असते. आपलं मन एका बाजूला का लागत नाही, याचा त्यांना त्रास होत असतो, थोडी शरमही वाटत असते. म्हणून यातल्या एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीतले, मूळचे सोलापूरचे. पुण्यात शिक्षण आणि पहिली नोकरी, मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतर्फे सुझोऊला. शांघायहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर असलेलं हे सव्वा कोटीहून जास्त वस्तीचं शहर. एकीकडे कालवे आणि जुन्या बागा, दुसरीकडे १९९४ साली चीन आणि सिंगापूरच्या भागीदारीत उभा राहू लागलेला भलामोठा इंडस्ट्रियल पार्क. यांचं ऑफिस त्या पार्कात, घर तिथून जवळच. त्यांचे रात्रीचे नऊ वाजले की आपल्याकडे साडेसहा, म्हणून आमची वेळ तीच ठरली.

सुरुवातीला त्यांना माझ्याकडून निकाल हवा होता. परत यावं की राहावं, एवढं सांगा. मी विचारलं, “हे दोन्ही विचार तुम्ही आजवर कुणाजवळ पूर्ण बोललात?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग एकेक माणूस आठवत गेले. भारतातल्या नातेवाइकांसमोर चीनबद्दल बरं बोलायची सोय उरलेली नाही. २०२० च्या गलवानच्या चकमकीनंतर तर “आमचे रस्ते स्वच्छ आहेत” एवढं म्हटलं तरी “म्हणजे तू त्यांची बाजू घेणार” असं ऐकावं लागे. चिनी सहकाऱ्यांसमोर तक्रार करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. पाहुण्याने यजमानाची उणीदुणी काढू नयेत, हे आईचं शिकवणं. आणि तिथल्या भारतीयांच्या शनिवारच्या बैठकीत फक्त कुरकुर चाले, तिथे “मला इथली संध्याकाळ आवडते” म्हणणारा वेडा ठरे. प्रत्येकाला अर्धंच मन दाखवायचं. इतकी वर्षं असं केल्यावर आपण खोटे आहोत असं माणसाला वाटू लागलं, तर त्यात नवल काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली परक्या संस्कृतीत जाणाऱ्या माणसाचे टप्पे मांडले: आधी भारावणं, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. कंपन्या परदेशी पाठवण्याआधी जे प्रशिक्षण देतात त्यात अजून हेच असतं. त्यामुळे दोन-तीन वर्षांत मन स्थिरावेल, अशी माणसाची अपेक्षा होते. नवख्या माणसाला हा नकाशा उपयोगी पडतो. पण दहा-दहा वर्षं राहिलेल्यांच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. भाषा येते, मेट्रो तोंडपाठ होते, मित्र होतात, आणि तरीही दोन्ही भावना तशाच राहतात. उलट ओळख वाढते तशी दोन्हींची धार वाढते.

मी त्यांना एक काम दिलं. शहराचा राग येईल किंवा शहर आवडून जाईल, तेव्हा फोनवर दोन ओळी लिहायच्या आणि पुढे एक शब्द टाकायचा: शहर, खिडकी किंवा घर. ‘खिडकी’ म्हणजे कचेरीची, बँकेची, स्टेशनची खिडकी. जिथे तुम्ही माणूस नसता, कागद असता. काही आठवड्यांनी त्यांनी यादी वाचून दाखवली आणि मध्येच थांबून म्हणाले, “अरेच्चा, शहरावर तर मी चिडलेलोच नाहीये.”

‘शहर’ या शब्दापुढे होतं ते असं. ऑक्टोबरच्या आसपास गल्लीगल्लीत दरवळणारा ओस्मँथसच्या बारीक पिवळ्या फुलांचा वास. जिंजी तळ्याकाठी जेवणानंतरची फेरी. लेक एकटी खाली जाऊन दुकानातून दूध आणते आणि कुणालाही धास्ती वाटत नाही, हे.

राग जवळजवळ सगळा खिडकीचा होता. त्यातली एक नोंद मी विसरणार नाही. जुना पासपोर्ट संपला, नवा आला, आणि नंबर बदलला. तिथे परदेशी माणसाची ओळख म्हणजे पासपोर्टचा नंबर. तो बदलला की बँक, मोबाइलचं सिम, पैसे भरायचं अलीपे, निरोप आणि पैसे दोन्हींचं वीचॅट, रेल्वेच्या तिकिटांचं अ‍ॅप, कामाचा परवाना, राहण्याचा परवाना, सगळीकडे तो नव्याने जुळवावा लागतो. बँक म्हणाली, आधी मोबाइल कंपनीकडे नंबर बदलून आणा. मोबाइलवाले म्हणाले, जुना पासपोर्ट दाखवा. जुना पासपोर्ट घरी होता. दुपारभर या दोन खिडक्यांमध्ये चकरा मारून ते बाहेर आले तेव्हा अलीपे अडकलेलं, खिशात रोकड नाही, साधी पाण्याची बाटली घेता येईना. “इथे पोरगी वाढवली, कर भरला, आणि एका नंबराने मी नाहीसाच झालो,” हे त्यांचं वाक्य.

हा राग खरा आहे आणि त्याला आधार आहे. कामाचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की राहण्याचा हक्कही डळमळतो. साठीच्या आसपास बहुतेकांना परवाना मिळणं अवघड. कायमच्या वास्तव्याचं कार्ड २००४ पासून आहे, पण २०१६ सालभरात ते मिळालेले परदेशी अवघे १,५७६. चीनच्या २०२० च्या जनगणनेत मुख्य भूमीवर राहणारे परदेशी होते ८,४५,६९७, आणि देशाची लोकसंख्या १४१ कोटी. हजारामागे एकसुद्धा नाही. एवढ्या थोड्या लोकांसाठी यंत्रणा घडवलेली नसते, आणि स्टेशनच्या फाटकावर सगळे आपलं ओळखपत्र टेकवून आत जात असताना हातात पासपोर्ट घेऊन कडेच्या रांगेत उभं राहणाऱ्याला ते रोज जाणवतं. यावर मी “सकारात्मक विचार करा” असं काही सांगत नाही. अपमान झाला तर तो झाला म्हणावं. फक्त तो कुणी केला हे नीट ओळखावं, म्हणजे त्याची शिक्षा तळ्याकाठच्या फेरीला मिळत नाही.

‘घर’ या शब्दापुढे मात्र फार थोड्या नोंदी होत्या, आणि खरी गाठ तिथे होती.

जानेवारी २०२० मध्ये बायको आणि मुलगी एका लग्नासाठी पुण्याला आल्या. मार्चअखेर चीनने परदेशी नागरिकांना दार बंद केलं. पुढे काहींसाठी ते उघडलं, पण नोव्हेंबरपासून भारतातून येणाऱ्यांसाठी पुन्हा बंद झालं. दोघी परत सुझोऊला पोचल्या त्या २०२२ च्या अखेरीस. मधल्या काळात, मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गृहस्थांचे वडील सोलापुरात वारले. निघता आलं असतं, पण निघालं की परत येता येणार नव्हतं. नोकरी जाणार, आणि घर त्या पगारावर चालत होतं. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, आणि भारताने जून २०२० मध्ये वीचॅटवर बंदी घातलेली. त्यामुळे आईशी बोलायचं तेही व्हीपीएनच्या, म्हणजे बंद अ‍ॅप आडवाटेने चालू करून देणाऱ्या सेवेच्या भरवशावर. अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर चालू असताना व्हीपीएन तुटलं. पुन्हा जोडलं गेलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, आणि त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगितली. काही आठवड्यांनी, जूनमध्ये, ड्रॅगन बोटीचा सण आला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. हातात पानात गुंडाळून उकडलेल्या चिकट तांदळाच्या पुड्या. एरवी त्यांत डुकराचं मांस असतं. हे शाकाहारी म्हणून आजींनी यांच्यासाठी लाल घेवड्याचं गोड सारण घालून वेगळ्या केल्या होत्या आणि त्यांना लाल दोरा बांधला होता, चुकू नये म्हणून. वडील गेल्याचं आजींना कसं कळलं ते यांना माहीत नाही. “पान उघडलं आणि आईच्या पातोळ्यांची वाफ आल्यासारखं झालं. मी जिन्यातच रडलो. आजी काही बोलल्या नाहीत, पिशवी धरून उभ्या राहिल्या.”

ज्या देशाने वडिलांपर्यंत पोचू दिलं नाही, त्याच देशातल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांना रडू दिलं. यातलं एक खरं मानून दुसरं पुसायचं कसं? ते चार वर्षं तेच करू बघत होते. एक महिना आजींची बाजू जिंकायची, एक महिना व्हीपीएनची. मी म्हटलं, यात हरजीत होणार नाही. वडिलांचं दुःख आधी दुःख म्हणून करू या, शहराचा हिशेब त्यात नको. पुढची बरीच सत्रं आम्ही सुझोऊबद्दल बोललोच नाही, वडिलांबद्दल बोललो. मुलगा चीनला आहे म्हटल्यावर ते भेटेल त्याला अभिमानाने सांगायचे, “आपले डॉक्टर कोटणीसही सोलापूरचेच.” द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. राहायचं की परतायचं हा प्रश्न त्यांच्या वाट्याला यायला आयुष्यच पुरलं नाही. हे मी बोलून दाखवलं तेव्हा गृहस्थ पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. “बाबांना हे सांगायला हवं होतं,” म्हणाले.

मग पत्नीलाही बोलावलं. तोवर ते गृहीत धरून होते की ती केवळ त्यांच्यासाठी थांबली आहे. ती शांतपणे म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही. रात्री अकरा वाजता मी इथे एकटी चालत घरी येते. सोलापुरात तुझ्या आईला सांगितल्याशिवाय मी कोपऱ्यावर तरी जाते का? मला आत्ता यायचं नाहीये. पण इथे म्हातारं व्हायचंही नाहीये.” तिच्याही मनात दोन्ही होतं, आणि तिला त्याचा त्रास होत नव्हता. हे ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो माझ्या कुठल्याही समजावणीने आला नसता.

निर्णय त्यांनी भावनेला विचारून घेतला नाही. मुलगी तिथल्या सरकारी शाळेत आहे. नववीनंतर तिथे मोठी प्रवेश परीक्षा असते आणि परदेशी मुलांना तिथून वाट बदलणं अवघड होत जातं. म्हणून सहावी संपेपर्यंत राहायचं आणि त्याआधी एक वर्ष पुण्यातल्या शाळा बघायला सुरुवात करायची, असं ठरलं. नोकरी मध्येच गेली तर लगेच परतायचं. तेवढे पैसे भारतातल्या खात्यात ठेवायचे. सगळे नवे-जुने पासपोर्ट एका पाकिटात, कायम बॅगेत.

ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते: मुलांची शाळा, आईवडिलांची तब्येत, परवान्याची मुदत, यांतलं आधी काय संपतंय? तारीख तिथून येते. मन एका बाजूला लागायची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत; त्यांचा निर्णय शेवटी कंपनी करते. मात्र झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं नकोसं झालं असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यातच रस उरला नसेल, तर हा शहराचा प्रश्न समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

गृहस्थ अजून सुझोऊतच आहेत. खिडकीवर अजून चिडतात. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्ली-शांघाय थेट विमान पुन्हा सुरू झालं, आणि आता आईला हिवाळा सरल्यावर तिकडे न्यायचं चाललंय. परवा विचारत होते, नातेवाइकांच्या व्हिसासाठी जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि तिच्या पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक आहे, तर प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवू का. ठेवा म्हटलं.